पिकअप चढाला दम टाकते? आधी धूर पाहा



पान पिवळे पडले की युरिया टाकायचा, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. पान नत्र कमी पडल्याने पिवळे होते, तसे लोह कमी पडल्यानेही होते. मुळाशी पाणी साचले तरी होते आणि हुमणीने मुळ्या कुरतडल्या तरी होते. औषध एकच दिले की पैसा जातो आणि पीकही जाते.

दारातल्या डिझेल पिकअपचे नेमके हेच चालले आहे. गाडी चढाला ओढेनाशी झाली की चहाच्या टपरीपासून गॅरेजपर्यंत सगळ्यांचे निदान एकच, 'टर्बो गेला'. मी शेतकी पदवीधर, मिस्त्री नव्हे. पण विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना हल्ली बोंडअळीइतकेच प्रश्न पिकअपचेही विचारले जातात, आणि टर्बो बदलूनही गाडी जशीच्या तशी राहिल्याची गाऱ्हाणी मी पुष्कळ ऐकली आहेत. टर्बोला हजारो रुपये पडतात. मूळ दोष मात्र अनेकदा एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत किंवा ढिल्या क्लिपेत निघतो. पुन्हा आपला माल नाशवंत. रत्नागिरीचा हापूस घेऊन आंबा घाट चढताना गाडी अडली, तर कोल्हापूरचा लिलाव आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून टर्बो म्हणजे काय, हे घरात एकदा सर्वांनी समजून घ्यावे. लोहाराचा भाता जे काम भट्टीला करतो, तेच टर्बो इंजिनाला करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात घालते. हवा जास्त, तेवढे डिझेल जास्त जळते आणि ताकद वाढते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. हा दांडा मिनिटाला लाखाच्यावर फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल घाण झाले किंवा कमी पडले, की टर्बोचे आयुष्य संपलेच म्हणून समजा.

हवेचा रस्ताही लक्षात ठेवा. एअर फिल्टरमधून टर्बोत, टर्बोतून इंटरकूलर म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीत, आणि तिथून इंजिनात. या रस्त्यावर कुठेही अडथळा आला किंवा गळती झाली, तर टर्बो ठणठणीत असूनही गाडी दम टाकते.

दोष खरोखर इंजिनाचा आहे का?

आधी गाडीत किती माल भरला होता, हे खरे सांगा. डीएपीची गोणी ५० किलोची. ३० गोण्या म्हणजे दीड टन झाले. त्यावर दोन ड्रम, पाईपची बंडले आणि मागे चार माणसे, असा सगळा भार घेऊन पुण्याहून दिवे घाट चढायचा आणि इंजिनाला नावे ठेवायची, हे बरे नव्हे. गाडीची परवानगी किती वजनाची आहे ते आरसी बुकात पाहावे.

दुसरे म्हणजे गिअर. टर्बोला हवा दाबायला इंजिनाचा वेग लागतो. साधारण दीड हजार फेऱ्यांच्या खाली तो फारसे काम करत नाही. डिझेल वाचवायचे म्हणून चौथ्या गिअरमध्ये चढाला धडधडत जाणाऱ्याची गाडी ओढणार नाहीच. आणि डिझेलही वाचत नाही.

इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, वर जळका वासही येतो, तर क्लच घसरतो आहे. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करताच गाडी लगेच मंदावते आणि एका चाकाचा ड्रम इतर चाकांपेक्षा फार तापतो, तर ब्रेक चिकटला आहे. चटका बसेल, म्हणून हात न लावता नुसता जवळ नेऊन पाहावा.

धूर काय सांगतो

एवढे पाहून झाले की घरातल्या एखाद्याला मागे लक्ष ठेवायला सांगा आणि भरलेली गाडी चढावर न्या. काळा धूर म्हणजे डिझेल येते आहे, पण त्याच्या मानाने हवा पोहोचत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे. पाण्याची टाकी वरचेवर भरावी लागत असेल तर दुसरी शंका धरावी.

आणि ताकद गेली आहे पण धूर काहीच नाही, तर? बहुतेक वेळा डिझेलच कमी पोहोचते आहे, किंवा गाडीच्या संगणकाने स्वतःहून ताकद कमी केली आहे. हा भेद मनात पक्का ठेवला, तर निम्मे निदान घरीच होते. मात्र नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. तिथे काळा धूर बाहेर दिसत नाही, म्हणून त्या गाड्यांना ही खूण पुरेशी नाही.

काळा धूर असेल तर फिल्टरपासून सुरुवात करावी. आपल्या रस्त्यांची धूळ, मळणीचा भुसा आणि उसाच्या फडातली राख यांनी फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. कागदी फिल्टर धुऊ नये. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची जोरदार हवाही मारू नये, कारण कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि त्यातून गेलेली धूळ टर्बोची पाती झिजवते. मारलीच तर हलकी हवा, आतून बाहेर. खरे म्हणजे नवा टाकावा, तो स्वस्त पडतो. तुंबलेला फिल्टर आणखी एक करामत करतो. हवेची ओढ इतकी वाढते की टर्बोमधले ऑइल आत खेचले जाते, निळा धूर येतो, आणि आळ टर्बोवर जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या पाहा. इंजिन थंड असताना प्रत्येक नळी हाताने पिळून, वाकवून बघावी. चीर बहुधा खालच्या अंगाला किंवा क्लिपेच्या आत असते, वरून दिसत नाही. जिथे बाहेरून तेलकट होऊन धूळ चिकटली आहे, तिथे संशय घ्यावा. चढावर 'फुस्स' असा आवाज येत असेल तर गळती जवळजवळ नक्की. उभ्या गाडीला नुसती रेस देऊन ही गळती पुष्कळदा सापडत नाही, कारण भार नसताना नळीत दाब फार तयार होत नाही. मिस्त्रीला नळीचे तोंड बंद करून हलक्या हवेने दाब द्यायला आणि वरून साबणाचे पाणी लावायला सांगा. ट्यूबचे पंक्चर काढतो, तसेच बुडबुडे येतात.

आता उंदराबद्दल. हसू नका. टर्बोचा दाब आवरणारी एक झडप असते आणि बऱ्याच गाड्यांत ती बोरूएवढ्या बारीक रबरी नळीतल्या ओढीवर चालते. आमच्या ओळखीतल्या एका कांदा उत्पादकाची गाडी पावसाळाभर चाळीशेजारी उभी होती. दिवाळीत काढली तर चढ घेईना. दोन गॅरेजांत टर्बो बदलायचे ठरले, पण पैशाअभावी काम लांबले. शेवटी त्यांच्या शाळकरी मुलीने बॉनेटखाली वाकून कुरतडलेली नळी दाखवली. वीतभर नळी बदलली आणि गाडी नारायणगावला माल टाकून आली. गाडी चाळीजवळ किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभी करत असाल, तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहत जा. उंदीर नसला तरी इंजिनाच्या उष्णतेने या नळ्या कडक होऊन तडकतातच.

फिल्टर, नळ्या सगळे ठीक असून काळा धूर जात नसेल, तर ईजीआर झडप काजळीने उघडी अडकलेली असू शकते. धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी ही झडप आहे. मिस्त्री ती काढून साफ करतो.

डिझेलकडे थोडक्यात पाहू. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा आणि त्याच्या तळाचे पाणी सोडावे, पावसाळ्यात तर जरूर. घरी ड्रममध्ये साठवलेले डिझेल ओतताना तळाचा गाळ गाडीत जाऊ देऊ नये. रॉकेलची भेसळ करू नये. डिझेल पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, त्यात रॉकेल आले की पंप आणि इंजेक्टर दोन्ही झिजतात.

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आहे, गाडी ठराविक वेगापुढे जात नाही आणि बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते, असे असेल तर संगणकाने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी केली आहे. तिथे अंदाज चालवू नये. स्कॅनर लावायला सांगावे आणि आलेला कोड कागदावर लिहून घ्यावा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी ००८७ म्हणजे डिझेलचा दाब कमी. पण कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी ०२९९ आला म्हणून टर्बो बदला, असे कोणी म्हणाले तर नळ्या तपासल्या का, हे आधी विचारा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियमांच्या गाड्या आल्या, काजळी अडवणारी जाळी त्यांच्यातली. जाळी भरली की गाडी ती स्वतः जाळून साफ करते, पण त्यासाठी सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावे लागते. शेत ते गाव, गाव ते डेअरी एवढेच चालणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही, जाळी तुंबते आणि ताकद जाते. तिचा दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर गाडी चालवावी. त्या वेळी सायलेन्सर फार तापतो. अशी गाडी कडब्यावर, उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतात कधीही उभी करू नका.

सगळे पाहून झाले तरच टर्बो

इंजिन थंड आणि बंद असताना, किल्ली काढून, टर्बोच्या तोंडाची नळी सोडायला सांगा. चक्राचा दांडा बोटाने हलवावा. आडवा किंचित हलला तर घाबरू नये, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. आतबाहेर हललेला जाणवला, पाती बाजूला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पात्यांचे टवके उडालेले असले, तर टर्बो गेला. नळीत तेलाचा हलका ओशटपणा चालतो, साचलेले तेल चालत नाही.

तेल साचलेली गाडी चालवणे जिवावर बेतू शकते. ते तेल इंजिनाने ओढले, तर इंजिन त्याच्यावरच सुसाट पळते आणि किल्ली काढूनही बंद पडत नाही. गाडी उभी असेल आणि समोर कोणी नसेल, तर ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून, क्लच एकदम सोडावा. इंजिन दबून बंद पडते. ते जमले नाही तर खाली उतरून सर्वांना दूर न्यावे. फिल्टरच्या तोंडावर हात कोणीही धरू नये.

टर्बो बदलायचाच ठरला, तर जुना का गेला हे मिस्त्रीकडून वदवून घ्या. टर्बोला ऑइल नेणारी आणि परत आणणारी नळी साफ केली का? इंटरकूलरमधले साचलेले तेल काढले का? ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे घातले का? नवा टर्बो बसवल्यावर त्यात आधी स्वच्छ ऑइल घालूनच इंजिन चालू करायला लावा. पुढे रोज सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट रेस देऊ नये आणि घाट चढून आल्यावर एखादा मिनिट इंजिन सावकाश चालू ठेवून मग बंद करावे. आणि जुना टर्बो गॅरेजमध्येच सोडू नका, पैसे देण्याआधी हातात घेऊन त्याचा दांडा स्वतः हलवून पाहा.