एकूण आकडा नको, काम बघा

आजचा भाग तंजावूरच्या राजवाड्याबाहेर, बाहुल्यांच्या दुकानांपाशी बसून करतोय. गेल्या महिन्यात इथेच माझा नववीतला भाचा मला म्हणाला, "मामा, मी शाळेची टीम सोडतोय. मी पाच फूट चार इंच. गेममध्ये माझ्यासारखा खेळाडू बनवला, तर रेटिंग सत्तरच्या पुढे जातच नाही."

मोबाइलवरच्या बास्केटबॉल गेमने पोराचा निकाल लावून टाकला होता! मग आम्ही तो गेमच नीट तपासायला बसलो.

पहिली गोष्ट. एकूण रेटिंग म्हणजे नेमबाजी, पास, रिबाउंड, बचाव, वेग अशा अनेक गुणांची गोळाबेरीज. मार्कांच्या टक्क्यांसारखंच. टक्के कळले म्हणून मुलगा गणितात पक्का आहे की भाषेत, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट. जागा वेगळी आणि काम वेगळं. पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड, सेंटर ही पाच जागांची नावं. रूढ समजुतीत चाल रचणं पॉइंट गार्डचं काम आणि बास्केटखाली उभं राहणं सेंटरचं. पण निकोला योकिच सेंटर असून सगळ्या संघाची चाल रचतो. तीन वेळा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला: २०२१, २०२२ आणि २०२४. म्हणून खेळाडू कुठे उभा राहतो हे विचारून थांबू नका. चेंडू कोण आणणार, लांबून कोण मारणार, रिबाउंड कोण घेणार, समोरच्या हुकमी खेळाडूला कोण अडवणार, हेही विचारा.

भाच्याच्या टीममध्ये पाचही जण नव्वदच्या वर होते, आणि तरी ती हरत होती. का? पाचही जण बास्केट करणारे, चेंडू मात्र एकच!

तिसरी गोष्ट, थोडा हिशेब. एक जण तीन गुणांचे १०० फटके मारतो, ३८ जातात: ११४ गुण. दुसरा दोन गुणांचे १०० मारतो, ५२ जातात: १०४ गुण. टक्केवारीत दुसरा वरचढ, गुणांत पहिला. शिवाय पहिल्याला अडवायला बचाव करणाऱ्याला लांब यावं लागतं आणि बास्केटखालची जागा मोकळी होते.

आता तपासायचं कसं? चार खेळाडू तेच ठेवा, समोरचा संघ तोच ठेवा, फक्त एक बदला. वीस सामने खेळवा. हार-जीत मोजू नका, दर सामन्यातला गुणांचा फरक लिहून त्याची सरासरी काढा. आम्ही नव्वदचा एक नेमबाज काढून अठ्ठ्याहत्तरचा, पास देणारा आणि बचाव करणारा घातला. सरासरी सुधारली.

खऱ्या मैदानावरही असंच घडलंय. २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट १-२ ने मागे होता. चौथ्या सामन्यात त्यांनी उंच सेंटर बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढून इगुडालाला घेतलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. आणि मगसी बोग्स? पाच फूट तीन इंच उंचीचा हा गडी एनबीएत १४ हंगाम खेळला.

उंचीला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. बास्केट ३.०५ मीटरवर आहे, ते खाली येणार नाही. पण उंची हा एक गुण आहे, निकाल नव्हे.

समोरच्या दुकानातली तंजावूरची बाहुली बघा. लोक तिचा रंगीत चेहरा बघून विकत घेतात. ढकलली तरी ती उभी राहते ती मात्र तळाच्या वजनामुळे, आणि तळ कुणी बघत नाही. टीममध्येही असा एखादा लागतोच.

भाच्याने टीम सोडलेली नाही. शनिवारी त्याने प्रशिक्षकांना विचारलं, "सर, आपल्या टीममध्ये कोणतं काम करायला कुणी नाही?"

तुम्हीही आपली टीम उघडा आणि हाच प्रश्न विचारा. भेटू पुढच्या भागात.