लेकीला अस्वलांचा अभ्यास करायचाय?

मैत्रिणींनो, बी.एस्सी. झालेली लेक म्हणाली, "मला अस्वलांवर संशोधन करायचंय," तर आपल्या छातीत धस्सच होतं! पण यात काम असतं तरी काय? बरंचसं अस्वलाच्या माघारीच. त्याची विष्ठा गोळा करायची, चाळणीत धुवायची, बिया निवडायच्या. (निवडण-टिपण आपल्याला का नवं आहे?) त्यावरून कळतं, वाळवी किती खाल्ली नि बोरं-जांभळं किती. झाडाला बांधलेले कॅमेरे त्याचं येणं-जाणं टिपतात.

मेळघाटात, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात बायका पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. अस्वलालाही तीच फुलं आवडतात. पिल्लं पाठीवर घेतलेली मादी दचकली, की अंगावर धावून येते. तिची वेळ नि वाट समजली तर या बायकांचे जीव वाचतील, अस्वलांचेही.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत (स्थापना १९८२) वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करता येतं, प्रवेशपरीक्षा असते. लग्नाचं बघू म्हणून अर्ज अडवू नका बाई! मात्र मार्गदर्शक कोण, मुक्काम कुठे, वनखात्याची परवानगी मिळाली का, जंगलात सोबतीला माहितगार माणूस असतो का, हे खोदून खोदून विचारा.