बर्फ हटवणारं यंत्र घेताना

अमेरिकेतल्या बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये नोव्हेंबर २०२२ च्या एका वादळात ८० इंच बर्फ पडला. तिथे फावडं कुठवर पुरणार?

सिंगल-स्टेज स्नो ब्लोअरची रबरी पाती जमिनीला घासत फिरतात. वीतभर भुसभुशीत बर्फाला ती ठीक. खडीच्या वाटेवर मात्र ती दगडही भिरकावतात. टू-स्टेजमध्ये पाती बर्फ आत ओढतात, मागचा पंखा तो लांब फेकतो. रस्ता साफ करणारी गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ओला, टणक ढीग लोटून जाते, त्याला हेच हवं.

पाती दांड्याला जोडणारी शिअर पिन मोडली तर कुरकुरू नये. ती मोडते म्हणून गिअरबॉक्स वाचतो. तिथे साधा बोल्ट ठोकणाऱ्याचा खिसा पुढे चांगलाच रिकामा होतो. हंगाम संपल्यावर पेट्रोल काढावं, नाहीतर कार्बुरेटर तुंबतो.

यंत्राच्या तोंडात बर्फ अडकला, तर इंजिन बंद करून काठीच वापरावी. बंद यंत्रातही ताण उरतो. बोटं त्यातच जातात.