दाबविद्युत मृत्तिका आणि प्रा. ई. सी. सुब्बाराव यांचे बिस्मथ संयुगांवरील संशोधन

पदवी वर्गात विद्युत अपारक पदार्थांचे, म्हणजे डायलेक्ट्रिक्सचे प्रकरण बहुधा धारित्राच्या दोन-तीन सूत्रांपाशी संपते. ते पदार्थ प्रत्यक्षात कोठे भाजले जातात, कशासाठी वापरले जातात, याचा उल्लेख क्वचितच होतो. पुण्याच्या दृष्टीने तर ही उपेक्षा अधिकच खटकते. कारण या विषयात मूलभूत काम केलेले प्रा. ई. सी. सुब्बाराव यांनी आपल्या कारकिर्दीचा उत्तरकाळ याच शहरात व्यतीत केला. त्यांच्या संशोधनाचा एक धागा उलगडून दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

दाब दिला असता काही स्फटिकांच्या पृष्ठांवर विद्युत प्रभार निर्माण होतो, हे पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. क्वार्ट्झ हे त्याचे परिचित उदाहरण. भाजलेल्या मृत्तिकेच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. तिच्यात असंख्य सूक्ष्म कण कसेही विखुरलेले असतात. एका कणातील परिणाम दुसऱ्या कणामुळे नाहीसा होतो आणि एकूण बेरीज शून्य येते. मग मृत्तिका दाबविद्युत होते कशी? ज्या पदार्थांतील अंगभूत ध्रुवणाची दिशा बाह्य विद्युत क्षेत्राने फिरविता येते, अशा फेरोइलेक्ट्रिक पदार्थांमुळे. मृत्तिका तापवून तिला तीव्र विद्युत क्षेत्रात ठेवले की कणांतील ध्रुवण शक्य तितके एका दिशेला वळते आणि क्षेत्र काढून घेतल्यावरही बऱ्याच अंशी तसेच राहते. १९४० च्या दशकात बेरियम टायटॅनेटने हे प्रथम साध्य केले. १९५० च्या दशकात लेड झिर्कोनेट टायटॅनेट, म्हणजे पीझेडटी, पुढे आले. गॅस पेटविण्याच्या लायटरमधील ठिणगी, सोनोग्राफीचा संवेदक, पाणबुडीचा कान, ही सारी त्याचीच कामे.

परंतु या ध्रुवणाला तापमानाची मर्यादा असते. तिला क्युरी तापमान म्हणतात. ते ओलांडले की ध्रुवण मोडते आणि पदार्थ थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होत नाही. बेरियम टायटॅनेटचे क्युरी तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस, तर पीझेडटीचे घटकप्रमाणानुसार ३५० अंशांच्या आसपास. प्रत्यक्ष वापरात तर या मर्यादेच्या बरेच खाली राहावे लागते. तप्त इंजिनाला चिकटवून त्याची कंपने मोजावयाची असतील, तर हे दोन्ही पदार्थ अपुरे पडतात.

सुब्बाराव यांचे काम येथे येते. स्वीडनचे बेंग्ट ऑरिव्हिलियस यांनी १९४९ मध्ये बिस्मथच्या काही मिश्र ऑक्साइडांची रचना वर्णिली होती. त्यांत बिस्मथ व ऑक्सिजन यांचा एक थर, मग पेरोव्हस्काइट पद्धतीचे काही थर, पुन्हा बिस्मथ-ऑक्सिजनचा थर, अशी मांडणी असते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाऊसच्या संशोधनशाळेत असताना सुब्बाराव यांनी या कुळाचा पद्धतशीर शोध घेतला. बिस्मथ टायटॅनेटच्या फेरोइलेक्ट्रिक गुणधर्मांवरील त्यांचा निबंध १९६१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये, तर संपूर्ण कुळावरील निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे श्रेय एकट्याचे नव्हे. लेनिनग्राडचे स्मोलेन्स्की व त्यांचे सहकारी त्याच सुमारास त्याच दिशेने जात होते. तथापि एखाद-दुसऱ्या संयुगावर न थांबता संपूर्ण कुळाचा विचार करणे, यात सुब्बाराव यांची दृष्टी दिसते.

बिस्मथ टायटॅनेटचे क्युरी तापमान सुमारे ६७५ अंश आहे. मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. त्यातील ध्रुवण मुख्यतः थरांच्या प्रतलातच फिरू शकते. त्यामुळे विखुरलेल्या कणांच्या मृत्तिकेत ते एका दिशेला आणणे कठीण जाते. दाबविद्युत गुणांक पीझेडटीच्या तुलनेत फार लहान, बहुधा विसाव्या भागाच्या आसपास राहतो. ज्या ठिकाणी पीझेडटी टिकतच नाही, तेथे मात्र हा लहान गुणांकही मोलाचा ठरतो. उच्च तापमानावरील कंपनमापकांत या कुळातील पदार्थ वापरले जातात ते याच कारणाने.

या कुळाचा दुसरा उपयोग १९९० च्या दशकात पुढे आला, आणि तो कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. वीज गेली तरी माहिती टिकवून धरणाऱ्या संगणकीय स्मृतीसाठी पीझेडटीचे पातळ पापुद्रे वापरले जात. पण प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांवर ध्रुवण पुनःपुन्हा उलटविले की ते थकत. स्ट्रॉन्शियम बिस्मथ टँटॅलेट एक लाख कोटी वेळा उलटवूनही थकत नाही, असे १९९५ मध्ये ‘नेचर’मधील निबंधाने दाखविले. हे संयुग साठीच्या दशकारंभीच अभ्यासले गेलेल्या कुळातीलच होय. संशोधनाचा उपयोग तीन वर्षांच्या प्रकल्प-अहवालात दाखवा, असा आग्रह धरणाऱ्यांनी ही तीस वर्षांहून अधिक काळाची प्रतीक्षा लक्षात घ्यावी.

पुढे सुब्बाराव आयआयटी कानपूर येथे धातुशास्त्र विभागात प्राध्यापक झाले. १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. याच केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर आधारित ‘सुजल’ हा स्वस्त जलशोधक विकसित झाला. राखेतील सिलिकाचे सूक्ष्म कण आणि फेरोइलेक्ट्रिक स्फटिक यांत वरवर काही नाते नाही. परंतु कणाचा आकार, सच्छिद्रता व भाजणी यांचा विचार दोन्हीकडे अटळ असतो.

पुण्यात पीझेडटीवरही काम झाले आहे. पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेच्या पीझेडटी केंद्रातील बी. प्रवीणकुमार, एच. एच. कुमार व डी. के. खरात यांनी सच्छिद्र पीझेडटीवरील निबंध २००५ मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. मृत्तिकेत हेतुपुरस्सर छिद्रे ठेवली असता तिचा ध्वनिरोध घटून पाण्याच्या जवळ येतो आणि पाण्याखालील ध्वनी तिच्यात अधिक सहजतेने शिरतो. एरव्ही भाजणीत छिद्र म्हणजे दोष. येथे तोच गुण ठरतो.

पीझेडटीच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक वाटा शिशाचा असतो. युरोपीय संघाने २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध लागू केले. दाबविद्युत मृत्तिकांना मात्र समतुल्य पर्याय नसल्यामुळे सवलत दिली. सर्व उपयोगांत पीझेडटीची जागा घेईल असा शिसेविरहित पदार्थ अद्याप मिळालेला नाही. त्या शोधात आज ज्या पदार्थकुळांची पुन्हा तपासणी चालू आहे, त्यांत बिस्मथची ही थरांची संयुगेही आहेत.