स्वतःचा ट्रक चालवणाऱ्यांसाठी परवडणारा आरोग्य विमा: मोबाईलवर कसा शोधायचा?



मी संभाजीनगरात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझे मामा ट्रक ड्रायव्हर आहेत. ट्रक स्वतःचाच, दहा टायरचा. वाळूज एमआयडीसीतून माल भरायचा आणि इंदूर, सुरत, हैदराबाद, जिकडचं भाडं मिळेल तिकडे जायचं. मागच्या वर्षी इंदूरजवळ उभ्या गाडीवर ताडपत्री बांधताना ते वरून पडले आणि पायाचं हाड मोडलं. दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितलं. मामांनी मला फोन केला, "अरे, गाडीचा इन्शुरन्स भरलेला आहे ना, त्यातून होतं का बघ."

त्यातून काहीच झालं नाही. सव्वा लाख गेले, त्यातले बरेचसे उसने. वर दोन महिने गाडी उभी राहिली, पण गाडीचा हप्ता काही थांबला नाही.

मामा घरी आल्यावर एका रविवारी मी मोबाईल घेऊन बसलो. तेव्हा कळलं की अर्धं संरक्षण त्यांना आधीच मिळत होतं, फक्त कुणी तपासलेलं नव्हतं. राहिलेलं अर्धं विकत घ्यावं लागणार होतं. म्हणून स्वस्त विमा शोधताना क्रम महत्त्वाचा: आधी आहे ते तपासा, मग कुठे भोक आहे ते बघा, आणि तेवढंच विकत घ्या. तुमच्या घरी ट्रक, टेम्पो किंवा रिक्षा चालवणारं कुणी असेल तर हे काम तुम्हालाच करायचं आहे, कारण मोबाईल तुमच्या हातात आहे.

पायरी १: गाडीचा विमा म्हणजे माणसाचा विमा नाही

कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यातून होते. त्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं. पण ते मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच मिळतं. हाड मोडलं, टाके पडले, आठ दिवस ॲडमिट राहावं लागलं, तर दवाखान्याचं बिल त्यातून भरलं जात नाही.

यात आणखी एक गोम आहे. हे कव्हर आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याच्यासाठी असतं. मामांच्या ट्रकची आरसी उघडली तर त्यावर नाव मामींचं! म्हणजे गाडी चालवणारे मामा 'मालक-चालक' या व्याख्येत बसतच नव्हते. तुम्ही आजच एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडून नाव बघा.

कंपनीत नोकरीला असलेल्या ड्रायव्हरला, कंपनी ईएसआयसीखाली येत असेल आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआयसीचे उपचार मिळतात. स्वतःचा ट्रक असलेल्याला हा रस्ता नाही. तो स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर.

पायरी २: रेशन कार्ड बाहेर काढा

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आताचं नाव मिळालं. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती वाढली. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी एक रुपयाही प्रीमियम नाही.

दुसरी योजना केंद्राची, आयुष्मान भारत. रक्कम तीच, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख. महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्र चालतात, पण ट्रकवाल्यासाठी त्यांच्यात एक मोठा फरक आहे. फुले योजनेचा लाभ महाराष्ट्रातल्या संलग्न दवाखान्यांपुरता धरून चाला. आयुष्मानच्या यादीत नाव असेल तर योजनेत सामील झालेल्या इतर राज्यांतही उपचार मिळतात. ज्याचा निम्मा महिना राज्याबाहेर जातो, त्याला हा फरक माहीत असलाच पाहिजे.

तपासायचं असं:

१. प्ले स्टोअरवरून 'आयुष्मान' ॲप घ्या. खाली नॅशनल हेल्थ ऑथॉरिटी हे नाव आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून काहीही इन्स्टॉल करू नका.

२. लाभार्थी म्हणून मोबाईल नंबर टाकून लॉगिन करा. राज्य, योजना आणि जिल्हा निवडा. जिल्ह्याच्या यादीत छत्रपती संभाजीनगर सापडलं नाही तर औरंगाबाद शोधा.

३. आधार नंबर टाकून नाव शोधा. नाव आलं तर ई-केवायसी करून कार्ड डाउनलोड करा.

४. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. मामा गाडीवर असताना मी हे करायला गेलो आणि ओटीपी विचारायला चार वेळा फोन लावला. तुम्ही माणूस घरी असतानाच बसा.

मामांचं कार्ड केशरी, पण त्यावर धान्य मिळत नाही. आयुष्मानच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. फुले योजनेत मात्र ते बसत होते. तिथेही एक अडचण निघाली: रेशन कार्डावर त्यांचं घरातलं नाव, आधारवर शाळेतलं. दवाखान्यात ओळख पटवताना अशा फरकावरून घोळ होतो, म्हणून आम्ही ते आधीच दुरुस्त करायला टाकलं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरही काढून ठेवला. नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात मिळतो.

योजनेच्या मर्यादाही समजून घ्या. ठरावीक उपचारांची यादी असते. बाहेरची ओपीडी, रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या त्यात नाहीत. एखादा दवाखाना योजनेत असला तरी तो सगळ्याच आजारांसाठी असेल असं नाही, हाडांसाठी असेल आणि हृदयासाठी नसेल. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव असतात. आपल्याकडे घाटी आहेच. कुठल्याही संलग्न दवाखान्यात गेल्यावर पैसे भरायच्या आधी 'आरोग्यमित्रा'चा काउंटर शोधा. फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८, आयुष्मानची १४५५५. दोन्ही नंबर सेव्ह करा.

पायरी ३: अपघाताचं कव्हर, वर्षाला २० रुपयांत

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा प्रीमियम वर्षाला २० रुपये आहे, म्हणजे ढाब्यावरच्या दोन चहांचे पैसे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख. वय १८ ते ७०. बँकेतून अर्ज करता येतो, बऱ्याच बँकांच्या ॲपवरूनही होतो. वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं, म्हणून मेअखेरीस खात्यात पैसे असू द्या.

२ लाख अर्थातच पुरेसे नाहीत. आरसीवर चालवणाऱ्याचं नाव नसेल तर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्याच. विमा कंपन्यांकडे 'सरल सुरक्षा बीमा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी असते, ती अडीच लाखांपासून सुरू होते. अर्जात व्यवसाय 'ट्रक ड्रायव्हर' असाच लिहा. 'व्यापारी' लिहून प्रीमियम थोडा कमी झाला, तरी क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं.

रस्ते अपघातासाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजनाही मे २०२५ पासून आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार. अपघात झाला की ११२ ला फोन करा. पण उभ्या गाडीवरून पडण्यासारख्या प्रकाराला या योजनेवर भिस्त ठेवू नका.

पायरी ४: राहिलेलं भोक बुजवा

मामांच्या बाबतीत भोक स्पष्ट होतं: राज्याबाहेर ॲडमिट व्हावं लागलं तर काहीच नाही. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आई-बाबा बसतात, मामा बसत नाहीत. म्हणून खाजगी पॉलिसी बघावी लागली.

सुरुवात 'आरोग्य संजीवनी'पासून करा. ही २०२० मध्ये आलेली प्रमाणित पॉलिसी आहे. कंपनी कोणतीही असो, मुख्य अटी सारख्याच. त्यामुळे तुलना सोपी जाते: प्रीमियम बघायचा आणि आपल्या नेहमीच्या रूटवर त्या कंपनीचे कॅशलेस दवाखाने किती आहेत ते बघायचं. मी संभाजीनगर, इंदूर आणि सुरत, तिन्ही शहरं टाकून याद्या पाहिल्या.

या अटी लक्षात ठेवा:

• मंजूर रकमेतले ५ टक्के आपण भरायचे. १ लाख मंजूर झाले तर ९५ हजार कंपनीचे, ५ हजार आपले.

• खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये. २ लाखांची पॉलिसी असेल तर ४,००० रुपये. त्यापेक्षा महागडी खोली घेतली तर बिलातल्या इतर खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. ॲडमिट होतानाच खोलीचा दर विचारा.

• पहिले ३० दिवस आजारांसाठी कव्हर नसतं, अपघातासाठी मात्र पहिल्या दिवसापासून असतं.

• आधीपासून असलेल्या आजारांसाठी वाट बघावी लागते. आताच्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं.

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. कुणी १८ टक्के जोडून आकडा सांगितला तर सरळ विचारा.

'सुपर टॉप-अप' स्वस्त दिसतो, कारण ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपला असतो आणि त्याच्या वरचा कंपनीचा. ती खालची रक्कम सरकारी योजनेतून भागेल असं गृहीत धरू नका. इंदूरला ती योजना मिळणारच नसेल, तर खालचे पैसे खिशातूनच जातात.

पायरी ५: शुगर लपवू नका

मामांना सहा वर्षांपासून शुगर आहे. ज्या एजंटकडे आम्ही आधी गेलो तो म्हणाला, "शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल." मामांनाही ते पटलं. मी त्यांना एवढंच विचारलं, "मामा, ओव्हरलोड गाडीची बिल्टी कमी वजनाची केली तर काट्यावर काय होतं?" मामा हसले आणि म्हणाले, "लिही बाबा खरं."

माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनी क्लेम नाकारू शकते. मग भरलेला प्रीमियम कशाला? आम्ही शुगर लिहिली. प्रीमियम वाढला, तीन वर्षांची वाट आहे, पण आता जे कव्हर आहे ते खरं आहे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांची मुदत असते. त्यात अर्जातली प्रत्येक ओळ वाचा, नाही पटलं तर परत करता येते. कंपनीने दाद दिली नाही तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते.

शेवटचं काम: सगळं एका जागी

मामांच्या मोबाईलच्या होम स्क्रीनवर मी 'दवाखाना' नावाचं फोल्डर केलं. त्यात आयुष्मान ॲप, डिजिलॉकर आणि विमा कंपनीचं ॲप. रेशन कार्ड, आधार, आरसी आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचे फोटो गॅलरीत वेगळ्या अल्बममध्ये. तेच फोटो मामींच्या मोबाईलवरही, कारण पडलेल्या माणसाला मोबाईल उघडता येईलच असं नाही. एक कागदी प्रत गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, परमिटच्या फाईलसोबत.

मामा परत गाडीवर गेले आहेत. निघताना म्हणाले, "गाडीचं फिटनेस दरवर्षी करतो, माझं पहिल्यांदाच झालं."

येत्या रविवारी तुमच्या घरचा ड्रायव्हर घरी असेल तर जेवण झाल्यावर रेशन कार्ड मागून घ्या आणि पायरी १ पासून सुरू करा. जमेल तेवढं त्याच दिवशी उरका, कारण सोमवारी गाडी परत रस्त्यावर असेल.