गाडी लिफ्ट केल्यावर हादरते? आधी ब्रेकचा होज बघा, मग फोन काढा

थार किंवा जिमनी घेतली की काही महिन्यांतच डोक्यात एक किडा वळवळायला लागतो: लिफ्ट किट. दोन इंच उंच स्प्रिंग, जाड टायर, आणि इन्स्टावर टाकायला एक झकास रील. मग दोन-तीन आठवड्यांनी तक्रारी सुरू होतात. साठच्या वर गेलं की पायाखाली घूंऽऽ होतं. वळताना पुढून टकटक येते. आणि हो, ब्रेक पण जरा खाली गेल्यासारखा वाटतोय.

ही शेवटची तक्रार लोक सगळ्यात शेवटी सांगतात, तेही सहज. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. शाफ्ट बिघडला तर तो ओरडून सांगतो. ब्रेकचा होज मात्र फुटेपर्यंत गप्प असतो.

होज कुठे ताणला जातो?

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब चेसिसवरच्या धातूच्या पाइपमधून चाकापर्यंत जातो. पण चाक वर-खाली होतं, पुढचं तर वळतंही. म्हणून शेवटचा तुकडा रबरी होजचा असतो. त्याची लांबी कंपनीने मूळ उंचीच्या हिशोबाने ठरवलेली असते. लिफ्टनंतर स्प्रिंग उंच झाली, शॉकअप लांब झाला, म्हणजे चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबकळू शकतं. होज मात्र तेवढाच राहिला.

गंमत अशी की गाडी पार्किंगमध्ये चारही चाकांवर उभी असताना होज अगदी ढिला, निवांत दिसतो. ताणला जातो तो एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकतं तेव्हा, म्हणजे नेमका ऑफ-रोडला. म्हणून तपासणी चाकं लोंबकळत ठेवूनच करायची. गॅरेजमध्ये गाडी चेसिसखाली जॅक स्टँड लावून उचलायला सांगा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. तिथे फोन घाला. छोट्या ट्रायपॉडवर फोन लावून व्हिडिओ सुरू करा, टॉर्च पाडा आणि मित्राला स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. मग व्हिडिओ झूम करून बघा: होज कुठे तारेसारखा ताठ होतोय का? टायरला किंवा स्प्रिंगला घासतोय का? टोकाच्या धातूच्या फिटिंगजवळ भेगा किंवा ओलसरपणा आहे का? त्याच्या शेजारून जाणारी एबीएस सेन्सरची वायरही तेवढीच ताणलेली असू शकते. एबीएसचा दिवा अधूनमधून लागत असेल तर आधी ती बघा.

होज ताणला जात असेल तर दोनच उपाय आहेत: तयार फिटिंगसह येणारा लांब होज, किंवा होज जिथे चेसिसला धरलाय ती जागा खाली आणणारं ब्रॅकेट. मधे तुकडा जोडून क्लिप मारणं हा उपाय नाही. माझं मत विचाराल तर, ज्या लिफ्ट किटमध्ये या दोन्हीचा उल्लेखही नाही ते स्वस्त नाही, अर्धवट आहे.

पेडलसुद्धा बरंच काही सांगतं. स्पंजसारखं मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. होज बदलल्यावर हवा नीट काढली नाही की हेच होतं. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा ब्रेक सोडल्यावरही एक चाक गरम राहतं? मग होज आतून फुगून बंद झालाय का ते बघायला हवं. बाहेरून तो नवाकोरा दिसू शकतो.

आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट असतात, त्यामुळे एक होज फुटला तर सगळे ब्रेक जात नाहीत. पण पेडल धप्पकन खाली जातं आणि थांबायचं अंतर खूप वाढतं. ताम्हिणीच्या उतारावर, समोर एसटी असताना, हा अनुभव नको. पेडलबद्दल जराही शंका असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

आता ती घूंऽऽ

इंजिनची ताकद मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट नेतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, असतात. क्रॉस तिरका फिरला की एक खोडी करतो: आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा कोन तेवढाच असेल तर ही चढ-उतार तिथे रद्द होते. लिफ्ट केल्यावर शाफ्ट जास्त तिरका होतो, अ‍ॅक्सलही थोडा फिरतो, आणि दोन्ही कोन जुळेनासे होतात.

हे फोनने मोजता येतं. गाडी सपाट जागी, वजन चाकांवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. फोनचं कव्हर काढा आणि लेव्हल अ‍ॅप उघडा. कॅमेऱ्याचा फुगवटा आड येतो, म्हणून फोनची कड टेकवा. तीन ठिकाणचे कोन लिहून घ्या: पुढचा फ्लँज, शाफ्टची नळी, अ‍ॅक्सलचा फ्लँज. पहिल्या दोघांतला फरक आणि शेवटच्या दोघांतला फरक जवळजवळ सारखा हवा, साधारण एका अंशाच्या आत. फोन दरवेळी त्याच दिशेने धरा, म्हणजे त्याची स्वतःची चूक आपोआप वजा होते. साधा क्रॉस दोन्ही टोकांना असेल तरच हा हिशोब लागू. एका टोकाला डबल जॉइंट असेल तर नियम वेगळा.

खात्री करायची असेल तर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या. जर्मनीच्या आखेन विद्यापीठात बनलंय. फोनच्या सेन्सरवरून हादऱ्याची फ्रिक्वेन्सी दाखवतं. समजा टायर २९ इंची आहे. त्याचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी ६० किमीला चाक सेकंदाला सुमारे ७ फेरे घेतं. अ‍ॅक्सलचा रेशो ४ धरला तर शाफ्टचे २८-२९ फेरे. हादरा ७ हर्ट्झच्या आसपास असेल तर टायर किंवा रिम. २९ च्या आसपास असेल तर शाफ्टचं बॅलन्स. ५८ च्या आसपास असेल तर क्रॉसचा कोन, कारण तोच फेऱ्यात दोनदा धक्का देतो. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात नको, सीटच्या रेलवर घट्ट बांधा, आणि वेग जीपीएसचा घ्या. जिमनीचा मूळ १९५/८० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ घातला तर स्पीडोमीटर ६० दाखवताना गाडी साधारण ६३ ने पळत असते.

अ‍ॅप नको असेल तर जुनी युक्ती आहे. ज्या वेगाला हादरा येतो त्याच वेगाला एक गिअर खाली टाका. हादरा तसाच राहिला तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. आरपीएमबरोबर बदलला तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंग बघा.

थारचं प्रकरण पुढून जरा निराळं आहे. २०२० च्या मॉडेलला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, जिमनीसारखा सलग अ‍ॅक्सल नाही. तिथे ताण पडतो सीव्ही जॉइंटवर. वळताना टकटक येत असेल तर त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का ते रिमच्या आतल्या बाजूला बघा. काळे शिंतोडे दिसतात.

आणि एक फसवी तक्रार: कोरड्या डांबरावर फोर-व्हील ड्राइव्ह लावून वळलात तर गाडी अडखळते, कट्कट् करते. तो लिफ्टचा दोष नाही. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, आणि पार्ट-टाइम सिस्टिममध्ये तो फरक सामावायला जागाच नसते. टू-व्हील मोडवर आणा, थांबेल.

मेकॅनिककडे जाताना कोनांचे आकडे, फायफॉक्सचा स्क्रीनशॉट आणि होजचा व्हिडिओ बरोबर न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा किटचं बिल आणि आरटीओची कागदपत्रंही त्याच फोल्डरमध्ये असू द्या. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारू शकते.