डोंगरउतारावरची खुरासणी

पाऊस ओसरू लागला की भोर-वेल्ह्याकडे जाणाऱ्या प्रवाशास डोंगरउतारावर पिवळ्या फुलांचे पट्टे दिसू लागतात. (वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे, जुन्या जिभेस मात्र वेल्हेच सोपे जाते.) पुष्कळ जण त्यांस रानफुले समजतात. ती खुरासणी होय. आपण बाजारातून कारळे म्हणून आणतो व ज्याची चटणी करतो, तेच हे पीक.

हल्ली शहरी घरांत चियाचे बी आले आहे. ते मूळचे मेक्सिकोकडील, तुळशीच्या कुळातले. भिजविले असता सब्जासारखे फुगते. ते आपल्या मावळात का लावू नये, असे कोणी कोणी विचारतात. लावून पाहण्यास माझी हरकत नाही. परंतु ज्याच्या दाण्यात शेकडा ३५ ते ४० तेल आहे, असे बारीक बी तेथे पिढ्यान्‌पिढ्या पिकत असता, आधी त्याचेच उत्पन्न का वाढत नाही, हे पाहावे असे मला वाटते.

नावावरून खुरासणी इराणकडची भासते. तिचे माहेर मात्र इथिओपिया. आपल्याकडे ती वरकस जमिनीच्या वाट्यास आली. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, आणि कस उतरला की शेवटी खुरासणी. त्यानंतर जमीन पड. पंगतीत शेवटी बसलेल्या पाहुण्यासारखी तिची गत. खत नाही, खुरपणी नाही, आणि मग हेक्टरी तीन क्विंटलच निघाले म्हणून पिकासच दोष!

येथे थोडे गणित करू. हजार दाण्यांचे वजन सुमारे ४ ग्रॅम. हेक्टरी ५ किलो बी पेरले तर साडेबारा लाख दाणे पडले. दोन ओळींत ३० सेंटीमीटर व दोन रोपांत १० सेंटीमीटर अंतर धरल्यास हेक्टरात रोपे मावतात सव्वातीन लाखांच्या थोडी वर. उरलेली उगवली तर एकमेकांच्या तोंडचा घास काढणार. म्हणून मूठमूठ फेकण्याऐवजी बी बारीक वाळूत मिसळून ओळीने पेरावे, आणि पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करावी. रोपे उपटताना शेतकऱ्याचा हात अडखळतो, हे मी जाणतो. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने काढलेले सुधारित वाणही मिळतात. बी मात्र चाळून घ्यावे. त्यात अमरवेलीचा दाणा आला तर तिचे पिवळे तंतू पिकाचा रस शोषतात. अमेरिकेत पाखरांसाठी जाणारी खुरासणी याच भीतीने उष्णता देऊन निर्जीव करावी लागते.

एवढे करूनही एक गोष्ट शेतकऱ्याच्या हाती नाही. खुरासणीचे फूल स्वतःच्या झाडाच्या परागाने फळत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग मधमाशीनेच आणावा लागतो. शेताच्या बांधास सातेरीच्या तीन-चार पेट्या ठेवल्या तर दाणा भरतो, वर मध मिळतो. फुलोऱ्यात औषध फवारू नये. अगदी अटळ झाले तर सायंकाळी, माश्या परतल्यावर.

पेट्या नसतील तेथे सारी भिस्त रानातल्या माशीवर. सातेरी झाडाच्या ढोलीत, दरडीच्या कपारीत पोळे करते. फाल्गुन-चैत्रात डोंगरास वणवा लागतो, त्यात ढोलीही जळते. मग आश्विनात उतार पिवळाधमक दिसतो खरा. परंतु बोंड तळहातावर चोळून पाहावे, तर आत निम्मे दाणे पोचट.